दसरा काढायचा रविवार

शुभांगीने सगळं नीट बघून ठेवलं होतं. ऊन डोंगराआडून किती वाजता धरणावर उतरतं, पाणी कोणत्या दगडापर्यंत चढलंय, पाणकावळे कोणत्या वाळक्या झाडावर पंख सुकवत बसतात, शहरातल्या बुटांचा पाय नेमका कुठे घसरेल. आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ लेकीला कडेवर घेऊन ती काठाने फिरत होती, आणि चौदा महिन्यांची वेदिका बगळ्यापासून बदकापर्यंत सगळ्यांना ‘काऊ’ म्हणून मोकळी होत होती. एवढं सगळं बघितलं, पण घरातली भिंत तेवढी बघायची राहिली. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि कॅलेंडरप्रमाणे घट बसायला चारच दिवस उरले होते.

त्यांचं शेत गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याला लागून. एक एकर झेंडू, अर्धा एकर शेवंती, बाकी टोमॅटो. नवरा योगेश पहाटे फुलांचे क्रेट गाडीत टाकून नाशिकच्या बाजारात जायचा, मागे सासू सरुबाई आणि शुभांगी तोडणी, खुरपणी, स्वयंपाक आणि वेदिका अशा चार आघाड्यांवर लढायच्या. त्यातली चौथी सगळ्यात अवघड.

श्रावणात हर्षल नावाचा एक तिशीचा माणूस दहा-बारा शहरी लोकांना घेऊन त्यांच्या झेंडूत शिरला. दर रविवारी लोकांना पक्षी आणि रानफुलं दाखवायला नेणं हा त्याचा उद्योग. त्या दिवशी त्याची वाट साफ चुकली होती, पण ‘मुद्दामच वेगळ्या रस्त्याने आणलंय’ असं तो लोकांना सांगत होता. कुणीतरी पाण्याकडे बोट दाखवून म्हणालं, “ते बघा, पाणकोंबडीचं पिल्लू.”

शुभांगी खुरपत होती. मान वर न करता म्हणाली, “टिबुकली आहे ती. आता बुडेल. मोजा, वीसपर्यंत वर यायची नाही.”

टिबुकली बुडाली. दहा-बारा शिकलीसवरली माणसं भर झेंडूत उभी राहून मोठ्याने आकडे मोजू लागली. तेविसाव्या आकड्याला ती वर आली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि हर्षलने या बाईकडे नीट बघितलं. चौकशीत कळलं की कॉलेजात दोन वर्षं तिचा वनस्पतिशास्त्र विषय होता. तिसऱ्या वर्षी लग्न झालं, मग वेदिका.

“एक रविवार तुम्ही फेरी घ्या,” हर्षल म्हणाला. “लोकांना आवडली तर होळीपर्यंतचे सगळे रविवार तुमचे.” मग तिच्या पाठीमागे झेंडूच्या पाकळ्या तोंडात कोंबणाऱ्या वेदिकाकडे बघून अवघडत म्हणाला, “फक्त... बाळाला घरी कुणी बघेल ना? एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात बाळ, असं नाही जमायचं.”

म्हणजे शुभांगीला दोन होकार हवे होते. एक हर्षलचा, तो मिळवायची तिच्यात धमक होती. दुसरा सासूचा. होळीपर्यंत दर रविवारी सकाळचे चार तास लेकीला सांभाळा, असं सासूला सांगायचं कसं? तिने आडून आडून विषय काढला. सरुबाई म्हणाल्या, “बघू.”

सरुबाईंच्या ‘बघू’चे प्रकार होते. हसून म्हटलेला ‘बघू’ म्हणजे नाही. न हसता म्हटलेला ‘बघू’ म्हणजे कधीच नाही. शुभांगीला मिळालेला ‘बघू’ तिसराच होता. तो म्हणताना सरुबाई लसूण सोलत होत्या आणि त्यांनी वर पाहिलंच नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी या ‘बघू’चा अर्थ शुभांगीला लागला नव्हता. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पहिल्या रविवारपुरतं तिने योगेशला पटवलं, की साडेसहापर्यंत बाजारातून ये आणि पोरीला धर.

सासूचं मन वळवायला म्हणून आठ दिवस ती जेवताना त्या काठाचं कौतुक मात्र करत राहिली. “आई, तो वळणापलीकडचा उतार काय सुंदर झालाय! चिखल म्हणून नाही. गवत मऊ. सकाळचं पहिलं ऊन तिथेच येतं.” सरुबाई भाकरी मोडत “हं” म्हणायच्या.

त्या उतारावरच शुभांगीचा हुकमाचा एक्का होता. घाणेरीच्या एका बुटक्या झुडपाला वेटोळे घालून कंदीलपुष्पाचा नाजूक वेल चढला होता आणि त्याला चक्क पाच फुलं आली होती. फूल पेराएवढं, हिरवट जांभळं, खाली फुगीर आणि वरती पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, अगदी हातात धरायच्या कंदिलासारखं. वर्षानुवर्षं डोंगर तुडवूनही लोकांना ते दिसत नाही. तिने झुडपाला खुणेचा लाल दोरा बांधला आणि हर्षलला कळवलं. हर्षलने लगेच सगळ्यांना मेसेज टाकला: ‘कंदीलपुष्प, खात्रीने.’

रविवारी पहाटे साडेपाचला तिने वेदिकाला पाजून सासूच्या अंथरुणाशेजारी निजवलं. सरुबाई जाग्याच होत्या. पडवीत अंधारात कसल्याशा ढिगाऱ्याशेजारी बसल्या होत्या. घाईत माणसाला डोळे असतात, पण बघायला वेळ नसतो. शुभांगी चप्पल अडकवून निघाली.

फाट्यावर दहाजण आले होते. त्यातल्या दोघांशी आपली गाठ आहे हे तिने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. एक योगिनी मॅडम. बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात दोरीने अडकवलेली वही, वहीला बांधलेली पेन्सिल, आणि नजर अशी की हर्षलनेसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलं. “कंदीलपुष्पासाठी माझे तीन पावसाळे वाया गेलेत,” त्यांनी आल्या आल्या सांगितलं. “मेसेजमध्ये ‘खात्रीने’ लिहिलंय. मी वाचलंय.” दुसरे शेखरराव, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी मांडीएवढी जाड होती आणि ते तिला बाळासारखं कुशीत धरून चालत होते.

सुरुवात मात्र अशी झकास झाली की शुभांगीला स्वतःचाच हेवा वाटला. वाळक्या झाडावर सात पाणकावळे पंख पसरून हजर. कवड्या खंड्याने पाण्यावर एका जागी फडफडत राहून असा काही सूर मारला की शेखररावांच्या तोंडून शिवीच निघाली, आनंदाची. तारेवर वेडे राघू ओळीने बसले होते. हळदी-कुंकू बदकांची जोडी आपली पिवळ्या टोकाची चोच मिरवत गेली. टिबुकली बुडाली आणि सगळ्यांनी न सांगता आकडे मोजले. योगिनी मॅडमच्या वहीत एकोणीस खुणा झाल्या.

“सॉलिड चाललंय, ताई,” हर्षल कानाशी कुजबुजला. “आता फुलं झाली की जिंकलं.”

तेवढ्यात वळणापलीकडून आवाज आला. धप्प. धप्प, धप्प.

सगळे थबकले. शेखररावांनी नळी उचलली. “सुतारपक्षी?”

हर्षलने डोळे मिटून ऐकलं. “असेल. पण बराच मोठा वाटतोय.”

हा पक्षी शुभांगीने ओळखला. लहानपणापासून दरवर्षी ओळखला होता. घट बसायच्या आधी, दसरा काढायच्या आठवड्यात, गावातल्या बायका घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर काढतात, पाण्यावर नेतात, आणि लाकडी धोपाटण्याने बडवून बडवून वर्षभराचा मळ काढतात. तो धोपाटण्याचा आवाज होता.

वळण संपलं आणि उतार दिसला. म्हणजे उतार दिसलाच नाही. गोधड्या दिसल्या.

लाल, जांभळ्या, हिरव्या, ठिगळांच्या, लुगड्यांच्या, जुन्या चादरींच्या. गवतावर गोधड्या, दगडांवर गोधड्या, घाणेरीच्या झुडपाझुडपावर गोधड्या. पाण्यात गुडघाभर उभ्या राहून आठ-दहा बायका कपडे बडवत होत्या. मैलभरात पाखरू नव्हतं. आणि उताराच्या मधोमध, उपड्या घातलेल्या एका डाल्याला टेकून, कोंबड्या झाकायचं बांबूचं असतं तसल्या डाल्याला, सरुबाई पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर वेदिका. वेदिकाने सगळ्या मंडळींकडे बोट दाखवून जाहीर केलं, “काऊ!”

“आई! आज?” शुभांगी धावलीच.

“मग कधी? काल पाऊस पडला. उद्या खुरपणीला बाया सांगितल्यात, परवा तोडा. घट काय तुझ्या पाखरांना इचारून बसणार हायेत?”

“पण इथेच?”

“आता बघा!” सरुबाईंनी पाण्यातल्या बायकांना साक्षीला घेतलं. “आठ दिस झाले हीच सांगती, त्या उताराला चिखल नाय, गवत मऊ हाय, पैलं ऊन तिथंच येतं. म्हणलं, एवढी शिकलेली सून सांगती तर ऐकावं एकदा.”

“आणि हे कुठे आहेत? वेदिकाला...”

“योगेश बाजारातच अडकला. घटाच्या फुलांना भाव फुटलाय म्हणं. नऊ वाजतील.”

मागे दहाजणांचा घोळका थिजून उभा होता. हर्षल जवळ आला आणि ओठ न हलवता बोलला, “ताई, फुलं कुठे आहेत?”

“खाली.”

“खाली म्हणजे?”

“गोधड्यांच्या खाली.”

एव्हाना पाण्यातल्या बायकांचे हात थांबले होते. पक्षी बघणारी माणसं असतात हे त्यांनी ऐकलं होतं, प्रत्यक्ष दहाच्या दहा एकदम आजच दिसत होती. शेजारच्या मळ्यातल्या धोंडाबाईने कपाळावर हात धरून नीट निरखून घेतलं. “ओ साहेब, त्या नळीतनं आम्ही बी दिसतो का?”

“दिसता ना,” शेखरराव गोंधळून म्हणाले.

“मग आधी सांगायचं! पदर तरी नीट केला असता.”

बायका खिदळल्या. योगिनी मॅडम खिदळल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीने वहीवर दोनदा टकटक केलं. बत्तीस वर्षं वर्गाला गप्प करणारा आवाज होता तो.

“असं करू,” हर्षल शुभांगीला बाजूला घेऊन म्हणाला, “पक्षी छान झाले. इथूनच परत फिरू. तुमचं पुढचं मग... मी कळवतो.”

‘कळवतो’ आणि ‘बघू’ हे सख्खे भाऊ असतात, हे शुभांगीला कुणी शिकवायची गरज नव्हती. होळीपर्यंतचे रविवार तिच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक पाण्यात बुडाले, आणि टिबुकलीसारखे वर यायचं नाव घेईनात. आणि मग तिला राग आला. सासूचा, हर्षलचा, बाजारभावाचा, सगळ्यांचा मिळून एकच. रागात तिला नेहमी खोडी सुचायची. शाळेत यापायी तिने पुष्कळ छड्या खाल्ल्या होत्या.

तिने टाळी वाजवली.

“मंडळी, आता फेरीचा दुसरा भाग!” जणू सगळं महिनाभर आधी ठरलं होतं अशा थाटात ती म्हणाली. “उघड्यावरची फुलं कुणीही दाखवतं. आपल्याकडे झाकलेली आहेत. ज्याला बघायची असतील त्याने गोधडीचं टोक धरायचं.”

मग मागून सरुबाईंचा आवाज आला. “धरताच हाय तर पिळूनच ठेवा की. गडीमाणसं बाजारात गेली, बायांच्यानं वल्ली गोधडी पिळत नाय, म्हणून तशाच निथळत टाकल्यात. नुसती उचलून परत आपटली तर पाणी हाय तिथंच.”

“आई, पाहुणे आहेत ते!”

“म्हणूनच सांगते. पाव्हण्याला रिकामं बसवू नये. एक गोधडी पिळायची, एकदा खाली बघायचं. फुकट बघायला ही काय जत्रा हाय?”

पहिल्या पुढे झाल्या योगिनी मॅडम. त्यांनी वही ब्लाऊजच्या गळ्यात सरकवली, साडी खोचली आणि म्हणाल्या, “कंदीलपुष्प यातल्या एकाखाली आहे ना? मग प्रश्न मिटला. शेखर, तुम्ही त्या टोकाला.”

कॅमेऱ्याची नळी चार वर्षांत पहिल्यांदा जमिनीवर, म्हणजे सरुबाईंच्या पिशवीवर, विसावली. शेखररावांच्या समोरच्या टोकाला धोंडाबाई आली. दोघांनी पीळ द्यायला सुरुवात केली, आणि गोधडी होती तशीच गोल गोल फिरत राहिली.

“अवो उलटं, साहेब! मी हिकडं तर तुम्ही तिकडं. संसार केला का न्हाई कधी?”

“वीस वर्षं करतोय!”

“मग बायकोच पिळत आसंल.”

शेखरराव इतके हसले की त्यांच्या हातून टोक सुटलं, आणि पाण्याचा सगळा लोंढा हर्षलच्या बुटांत गेला. तिथून पुढे फेरीचा नूर बदलला. जोड्या लागल्या. एक शहरी, एक गावची. गोधडी उचलायची, झटकायची, पिळायची, आणि ती पुन्हा पसरायच्या आधी सगळ्यांनी ओणवं होऊन खालची जमीन बघायची. आणि जमीन तर काय, खजिनाच होती! चेपलेला गुलाबी तेरडा डोळ्यांदेखत हळूहळू मान वर काढत होता. सोनकी होती. पिवळ्या कवळ्याची फुलं गाल फुगवलेल्या पोरांसारखी, दोन दोन लाल ठिपके लावून. निळी आभाळी गवतात सांडलेली.

“कुर्डू!” मॅडम ओरडल्या.

“त्याची भाजी लय भारी होती,” पलीकडून उत्तर आलं. “कवळी पानं घ्यायची. लसूण जास्त.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. तेरड्याजवळ गावच्या बायकांनी सांगितलं की गौरी ह्याच्याच बसवतात. मॅडम म्हणाल्या, मला माहीत आहे. बायका म्हणाल्या, मग शेंगा दाबून बघितल्या का, टचकन फुटतात. आणि निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका पुढची पाच मिनिटं तेरड्याच्या शेंगा फोडत बसल्या. एका मोठ्या गोधडीखाली तर त्या स्वतःच शिरल्या. बाहेर फक्त दोन चपला दिसत होत्या, आणि आतून एकेक नाव ऐकू येत होतं.

धोपाटणी थांबली तशी पाखरंही परतली. शेपटी वरखाली करत एक करडा-पांढरा धोबी, या वर्षी थंडीचा पाहुणा म्हणून आलेला पहिलाच, ओल्या कपड्यांच्या मधून तुरुतुरु पळाला. शेखररावांचे दोन्ही हात पिळात अडकलेले. ते जिवाच्या आकांताने ओरडले, “माझी नळी! कुणीतरी माझी नळी द्या!” कुणी दिली नाही. सगळ्यांचेच हात अडकलेले होते. धोबी बघून झालं, फोटो निघाला नाही, आणि शेखररावांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

फक्त शुभांगीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती झुडपामागून झुडूप तपासत होती. लाल दोरा कुठेच नव्हता. मोठ्या दगडापासून तिसरं झुडूप, तिला पक्कं आठवत होतं. पण दगडापासून तिसऱ्या जागी तर सासू पाय पसरून बसली होती. बसायला जागा करायची म्हणून झुडूप मोडून टाकलं असणार. आई त्या, घाणेरी दिसली की मुळासकट काढायची, चाळीस वर्षांची सवय. मॅडमना आता काय सांगायचं? ‘खात्रीने’ लिहिलं होतं.

नेमकी तेव्हाच वेदिका रांगत आली आणि ओढणी ओढायला लागली. भुकेची वेळ झाली होती. लेकरांना आईच्या परीक्षेचं वेळापत्रक कुठे ठाऊक असतं! दोन झुडपांवर एक लांबलचक गोधडी उभी वाळत टाकली होती, तिच्या आडोशाला शुभांगी लेकीला घेऊन बसली. वेदिका चुटूचुटू प्यायला लागली. एक हात तिने आईच्या गालावर ठेवला, ओला, मातीने भरलेला, त्याला आभाळीची एक निळी पाकळी चिकटलेली. शुभांगीने तो हात धरला आणि आतल्या आत म्हटलं, जाऊ दे. नाही तर नाही. होळीपर्यंतचे सगळे रविवार तुला जास्त मिळतील. पण ते खोटं होतं आणि ते तिलाही कळत होतं. तिला लेकीसोबतचे सगळे दिवस हवे होते, आणि त्यातली चार तासांची एक सकाळ फक्त तिची हवी होती.

गोधडीच्या पलीकडून योगिनी मॅडमचा आवाज आला. “आजी, या डाल्याखाली काय आहे?”

“कोंबडी. खुडूक बसलीया. जवळ नका जाऊ, चोच मारती.”

“बरं बरं.”

शुभांगीने ऐकलं आणि सोडून दिलं. मग तिने पुन्हा ऐकलं, मनातल्या मनात. कोंबडी?

त्यांच्या घरात तीन पिढ्यांची माळ होती. सासऱ्यांच्या हयातीत उंबऱ्याच्या आत अंडं आलं नव्हतं आणि त्यांच्या पश्चातही कुणी आणलं नाही. कोंबडी कुठून येणार, आणि तीही धुणं धुवायला?

वेदिकाला तशीच खांद्यावर टाकून ती बाहेर आली. “आई, कोंबडी कोणाची?”

“धोंडाबाईची.”

“माझी?” धोंडाबाई पाण्यातून म्हणाली. “माझं तर नुसतं डालं...” सरुबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिने वाक्य पाण्यातच सोडून दिलं आणि जोरजोरात परकर बडवायला लागली.

शुभांगी डाल्याकडे निघाली. सरुबाईंनी हात आडवा केला. “थांब. किती राह्यल्या?”

“काय किती?”

“गोधड्या.”

शुभांगीने उतारावर नजर टाकली. “एकच. ती जांभळी.”

“होऊ दे मग तेवढी.”

जांभळी गोधडी सगळ्यात जाड होती. तिच्या एका टोकाला हर्षल, दुसऱ्या टोकाला दोन बायका. पीळ देता देता हर्षलचा चष्मा ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. शेवटचा थेंब गळला, गोधडी पसरली गेली, तेव्हा सरुबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि त्यांनी डालं उचललं.

खाली घाणेरीचं बुटकं झुडूप होतं. झुडपाला लाल दोरा. आणि वेलीवर पाच कंदील, एकालाही ओरखडा नाही.

योगिनी मॅडम सावकाश खाली बसल्या, ओल्या मातीत, साडीची पर्वा न करता. चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला, पुन्हा लावला. वहीत खूण करायची राहूनच गेली.

“याच्यात माशी शिरते,” त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता. “नळीत आत वळलेले केस असतात. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. रात्रभर आतच. फूल तिच्याकडून परागकण वाहायचं काम करून घेतं आणि दुसऱ्या दिवशी केस वाळले की सोडून देतं.”

“म्हंजे पाव्हण्याला अडकवून ठेवायचं,” सरुबाई लक्ष देऊन म्हणाल्या, “काम करून घ्यायचं, आन् मग जा म्हणायचं.”

“अगदी बरोबर.”

“हुशार हाय. माझ्यासारखीच.”

शुभांगी सासूकडे बघत होती. “तुम्हाला माहीत होतं?”

“रोज दिवेलागणीला पोरीला घेऊन ह्या घाणेरीपुढं ओणवी व्हायचीस. मला वाटलं, सुनेला कुठला नवा देव लागला. येऊन बघितलं. फूल काय मला एवढं भारी वाटलं नाय, पण दोरा तुझ्या परकराच्या नाडीचा व्हता. म्हणलं, नाडी सोडून बांधली म्हंजे जिवाचंच काही असंल. गोधड्या टाकायच्या आधी डालं झाकलं.”

“मग आधी का नाही सांगितलं? मी इथे रडायच्या बेताला आले होते!”

“आधी सांगितलं असतं तर बत्तीस गोधड्या कुणी पिळल्या असत्या?”

बायका पाण्यात बसूनच हसल्या. शेखररावांनी आता दोन्ही हात मोकळे असल्यामुळे कंदिलाचे, सरुबाईंचे आणि धोंडाबाईच्या विनंतीवरून पदर नीट करून धोंडाबाईचे फोटो काढले. बूट काढून मोजे पिळत हर्षल म्हणाला, “ताई, मी कळवतो म्हणालो होतो ना, ते राहू द्या. होळीपर्यंतचे सगळे रविवार पक्के.”

शुभांगीच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच तो पुढे म्हणाला, “फक्त एक. आजींनाही घेऊन या.”

“हो हो, आजी हव्यातच!” सगळ्यांनी कल्ला केला. “आजी, पुढच्या रविवारी याल ना?”

शुभांगी हसली, पण आत काहीतरी टोचलं. आठ दिवस पायपीट तिची, टिबुकली तिची, कंदील तिचा, आणि शेवटी मागणी सासूला! आणि दोघी आल्या तर वेदिकाचं काय, हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. हातात आलेला रविवार मिळाला की गेला, हेच तिला कळेना.

सरुबाई मात्र पिशवीत धोपाटणं कोंबत होत्या. “मी? छ्या. मला नाय जमायचं.”

“का हो आजी?”

“आता का! दोघी पाखरांमागं फिरलो तर हिला कोण बघंल?” आणि शुभांगीच्या खांद्यावर पेंगुळलेल्या वेदिकाला त्यांनी सरळ उचलून आपल्या काखेला लावलं. असं बोलल्या, जणू हे केव्हाच ठरलं होतं आणि विचारणारेच बावळट.

आठ दिवस जे पुन्हा विचारायची हिंमत झाली नव्हती ते शब्द शुभांगीने तोंडात घोळवले आणि गिळून टाकले. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “आई...” एवढंच निघालं.

“घटाचे नऊ दिस मात्र नाय हां,” सरुबाईंनी हर्षलला बोट दाखवून बजावलं. “झेंडू तोडायला हात लागतात. दसरा झाल्यावर घेऊन जा सुनेला, कुठं न्यायची तिथं.” मग त्यांनी त्या दहाजणांवर एक नजर फिरवली. बत्तीस गोधड्यांवरही फिरवली. उतार चढून वर घरापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर तर जरा जास्तच वेळ ठेवली. आणि आवाजात अगदी मध घालून म्हणाल्या, “आता उन्हाचं कुठं जाता? पिठलं-भाकरी टाकते, जेवूनच जा. तोवर गोधड्या बी वाळतील.”